लिव्हरवर जोर काढू नका : सर्व्हरचे पार्ट काढता-बसवताना या चुका टाळा

माझ्याकडे येणारे बरेच सर्व्हर आपणहून बंद पडलेले नसतात. कुणीतरी काहीतरी काढलेलं असतं, परत घातलेलं असतं, आणि मग फोन येतो, ‘भाऊ, काहीच केलं नाही, नुसतं काढून बसवलं.’ जळगाव असो, धुळे असो की शहादा, वाक्य तेच. रेड (अनेक डिस्क मिळून एकत्र चालवायची मांडणी) कसं लावायचं ते पोरं व्हिडिओ बघून शिकतात. लिव्हर कसा उघडायचा ते मात्र कुणालाच शिकायचं नसतं.

तर आधी लिव्हरच. ब्लेड सर्व्हर (चॅसिस म्हणजे एका मोठ्या पेटीत शेजारी-शेजारी बसणारा पातळ सर्व्हर) घ्या किंवा मोठ्या स्विचचं कार्ड, पुढच्या तोंडाला एक किंवा दोन लिव्हर असतात. नवख्यांना ते उचलायचं हँडल वाटतं. काही जण तर ब्लेड त्यालाच धरून लोंबकळत टेबलापर्यंत नेतात. लिव्हरचं काम वेगळं आहे. आतल्या कनेक्टरला शेकडो पिना असतात. एकेका पिनेचं घर्षण किरकोळ, पण सगळं मिळून इतकं होतं की शेवटचे काही मिलिमीटर नुसत्या हाताने जात नाहीत. तेवढ्यासाठी लिव्हर. त्याचा दात चॅसिसच्या कडेच्या खाचेत अडकतो आणि दांडा मिटला की अख्खं मॉड्यूल आत ओढून घेतो. काढताना तोच दात उलटा रेटतो.

लोक काय करतात? लिव्हर अर्धवट उघडा ठेवून ब्लेड ढकलतात. दात खाचेत जायच्या ऐवजी कडेवर आपटतो, ब्लेड बोटभर बाहेर राहतं, मग तळहाताने ठोकाठोकी. लिव्हर तुमचा जोर वाढवतो, पण आत काय अडलंय ते हाताला कळू देत नाही. पिन नीट शिरतेय की आडवी होतेय, दांड्यावर जवळपास सारखंच वाटतं.

एका संस्थेतलं उदाहरण सांगतो. मे महिना, बाहेर ४५ अंश, एसी फक्त सर्व्हर रूममध्ये, त्यामुळे अर्धा स्टाफ तिथेच बसलेला. १० यू (रॅकमधल्या उंचीचं माप) उंचीची, अर्ध्या उंचीची १६ ब्लेड मावणारी चॅसिस. तिथल्या एका उत्साही पोराने रॅम वाढवायला एक ब्लेड काढलं. परत घालताना ते अडलं. त्याने खांदा लावला. लिव्हर मिटला, दिवा काही लागला नाही. एवढ्यावर थांबला असता तर एक ब्लेड आणि एक खण गेला असता. पण याला वाटलं खणच खराब, म्हणून तेच ब्लेड शेजारच्या खणात कोंबलं. तिथेही अंधार. मग खात्री करायला दुसरं एक चांगलं चालणारं ब्लेड बंद करून पहिल्या खणात घातलं. वाकलेल्या पिनेने त्या चांगल्या ब्लेडचा कनेक्टर फोडला, आणि आधीच्या फुटक्या कनेक्टरने शेजारच्या खणातल्या पिना आडव्या करून ठेवल्या होत्याच. ही लागण अशीच पसरते. शेवटी मिडप्लेन, म्हणजे सगळी ब्लेड ज्याला जोडतात तो मधला बोर्ड, बदलावा लागला. तो चॅसिसच्या पोटात असतो. म्हणजे सगळी ब्लेड, स्विच, पंखे, पॉवर सप्लाय उतरवायचे आणि चॅसिस पूर्ण बंद. पार्ट पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला, तोवर सगळं काम वहीवर. तिथला म्हातारा शिपाई त्या पोराला एवढंच म्हणाला, ‘तुले कोनी सांगेल व्हतं जोर लावाले?’

माझी सवय सांगतो. खणात काहीही घालण्याआधी टॉर्च मारून पिनांच्या ओळी बघायच्या. एकही पिन ओळीतून हललेली दिसली तर काम तिथेच बंद. लिव्हर पूर्ण उघडायचा, मॉड्यूल दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन सरळ सरकवायचं. दात खाचेला लागला की लिव्हर आपोआप थोडा मिटायला लागतो. तिथून पुढे बोटांच्या जोराने मिटवायचा. त्याहून जास्त ताकद लागली तर बाहेर काढून बघायचं. आणि संशयित मॉड्यूल ‘चेक’ करायला दुसऱ्या खणात घालायचं नाही, कुणीही सांगो.

दिवा लागतो पण सर्व्हरला कार्ड दिसत नाही, ही तक्रारही बऱ्याचदा अर्धवट बसवण्याचीच. हॉट स्वॅप, म्हणजे चालू मशिनमध्ये काढता-घालता येणाऱ्या, कनेक्टरच्या पिना मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या असतात. ग्राउंड आधी टेकतो, सिग्नल नंतर. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये (बोर्डावर कार्ड बसवायच्या जोडणीत) ‘कार्ड आलं’ हे कळवणाऱ्या पिना आखूड असतात, त्या शेवटी टेकतात आणि काढताना आधी सुटतात. म्हणजे केसभर बाहेर राहिलेल्या कार्डाला वीज मिळू शकते, पण बोर्डाच्या लेखी ते आलेलंच नसतं. अशा वेळी ड्रायव्हर डाउनलोड करत बसू नका. रीतसर बंद करा, पूर्ण बाहेर काढा, पुन्हा बसवा.

रंगांचा गोंधळ वेगळाच. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नारिंगी किंवा विटकरी लॅच (अडकवायची कडी) म्हणजे चालू मशिनमधून काढता येणारा भाग, आणि निळा लॅच म्हणजे आधी मशिन बंद करायचं. आता निळा दिवा. रॅक सर्व्हरवर तो सहसा ‘हेच ते मशिन’ एवढंच दाखवतो. टेलिकॉमच्या एटीसीए शेल्फमध्ये (एका ठरावीक पद्धतीच्या कार्डांच्या पेटीत) मात्र हँडल थोडं उघडल्यावर निळा दिवा लुकलुकतो, आणि तो स्थिर झाला की मगच कार्ड ओढायचं. एकीकडचं शिकून दुसरीकडे हात घालणाऱ्यांनी आधी मॅन्युअलचं ते एक पान वाचावं.

डिस्क. खराब डिस्कची कॅडी (डिस्क बसवलेली चौकट) आधी फक्त लॅच सोडून थोडी बाहेर घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० ते १५,००० फेरे घेत असते. फिरती डिस्क हातात वळवाल तर चांगली डिस्कही जाईल. खण मोजून डिस्क ओळखू नका, कारण मोजणी शून्यापासून की एकापासून यावर लोक भांडतात आणि चांगली डिस्क ओढतात. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं, त्यात एक आधीच गेलेली असताना दुसरी ओढली की संपलं. सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवा, मग हात लावा.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट. रिकाम्या खणांची झाकणं फेकून देणं. ‘प्लास्टिकच तर आहे, हवा लागेल तेवढीच चांगली.’ नाही लागत! सर्व्हरमधली हवा पुढून मागे जाते, आणि ती प्रोसेसरवरून, रॅमवरून जावी म्हणूनच रिकामे खण बंद ठेवलेले असतात. झाकण काढलं की हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि भरलेले खण तापतात. वरचं पत्र्याचं झाकण उघडून फर्राटा पंखा लावणाऱ्यांचंही तेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लोक थेट कूलर लावतात, मग ओली हवा आणि कूलरच्या ताटीतली धूळ दोन्ही आत. जिनिंगच्या ऑफिसात हेच केलं की कपाशीचं तूस हीटसिंकवर (चिपची उष्णता काढणाऱ्या धातूच्या भागावर) थापल्यासारखं बसतं. खण सहा महिन्यांनी भरायचा असला तरी झाकण आज लावा. नवी चॅसिस घेताना झाकणं मोजून घ्या, मागाहून मागितली तर महाग पडतात.

बाकी थोडक्यात. मार्च ते मे हवा कोरडी असते, नायलॉनचा शर्ट घालून रॅमला हात लावू नका, अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधा. रॅम बसली म्हणजे दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप मिटल्या पाहिजेत. रॅक जमिनीला आवळलेला नसेल तर एका वेळी एकच सर्व्हर रेलवर बाहेर ओढा. चालू मशिनचा पंखा काढायचा असेल तर नवा आधी हातात असू द्या, काही मशिन पंखा नसला की थोड्याच वेळात स्वतः बंद होतात. एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) काढताना आधी फायबर सोडा, मग कडी पाडून ओढा. पक्कड लावणाऱ्याशी मी बोलत नाही.

पॉवर सप्लाय काढताना आधी दुसऱ्या सप्लायचा हिरवा दिवा बघा, मग वायर, मग लॅच. नवा घालताना उलट, वायर सगळ्यात शेवटी. वॅटचा आकडा दोन्हींवर सारखा आहे का, ते गाडीतून उतरवायच्या आधी वाचा.