मुख्याध्यापिका मोजताना माझं एक वर्ष कुठे गेलं

शाळांच्या नेतृत्वात स्त्रिया किती आहेत, आणि कमी असतील तर का, या विषयावर पीएच.डी. करायची म्हणून बडोद्यातल्या दोन-तीन मुलींनी गेल्या महिन्यात मला गाठलं. प्रत्येकीला तेच सांगताना लक्षात आलं की हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं. आराखडा कसा लिहायचा, कोर्सवर्क, परवानगीची पत्रं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मी ज्या खड्ड्यात पडले, तेवढाच सांगते.

विषय घ्या, खरंच घ्या. युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने २०२४-२५ साली नेतृत्व हाच विषय घेतला होता. शिक्षकांमध्ये स्त्रियांचं जे प्रमाण आहे, त्याच्यापेक्षा मुख्याध्यापकांमध्ये ते सुमारे २० टक्के-बिंदूंनी कमी भरतं, असं तो सांगतो. आपल्याकडे यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदीच्या, २०२४-२५च्या आकड्यांत शिक्षिका ५४ टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे वर्गात बायका निम्म्याहून जास्त. मग ऑफिसातल्या खुर्चीवर किती? हा प्रश्न इतका सरळ वाटतो की तो मोजायला फारसं काही लागेल असं वाटतच नाही. मलाही वाटलं नाही.

मी वडोदरा जिल्ह्यातले काही तालुके घेतले. एका कार्यालयातून शाळाप्रमुखांची यादी मिळाली. गुजरातीत नावापुढे ‘बेन’ किंवा ‘भाई’ असतंच, त्यामुळे बाई की पुरुष हे ओळखायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बेन मोजल्या, भाई मोजले, टक्के काढले. आकडा मला वाटला होता त्याहून बराच चांगला आला. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हंसाबेन मेहता १९४९ पासून इथल्या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू. या दोन गोष्टींना माझा आकडा जोडून मी बडोद्याच्या वेगळेपणावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. ज्यांनी ते तपासायचं त्यांनी वरवर चाळून ‘छान आहे’ म्हटलं.

मग एका परिसंवादात मी ते मांडलं. मागच्या रांगेतून एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. आवाज अगदी शांत. म्हणाल्या, ‘बाळ, यातल्या किती जणींच्या हातात ऑर्डर आहे?’

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनीच मग समजावलं. यादीत ज्या बेन होत्या त्यातल्या कितीतरी जणी मुख्याध्यापिका नव्हत्याच. त्या शाळेतल्या सर्वांत जुन्या शिक्षिका होत्या आणि त्यांच्याकडे ‘चार्ज’ होता, म्हणजे पदाच्या नेमणुकीची ऑर्डर नाही, नुसतं काम सांभाळायचं. संध्याकाळी कमाटीबागेत एकटी बसून राहिले, घरी जावंसं वाटेना. एक वर्ष गेलं होतं. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाकी कुठे चुकलात तरी सावरता येतं, इथे चुकलात तर पायाच वाकडा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी दीडशेपेक्षा जास्त मुलं असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापकाची तरतूद आहे. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा शंभराच्या वर. आपल्या गावोगावच्या शाळांचा पट डोळ्यांसमोर आणा. अशा कितीतरी शाळांत हे पद असावं अशी कायद्याची अपेक्षाच नाही. पण शाळा आहे म्हटल्यावर कोणीतरी सही करायलाच हवी. मध्यान्ह भोजनाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची (एसएमसी) बैठक, ऑनलाइन माहिती भरणं, किल्ल्या. ते काम सर्वांत जुन्या शिक्षकाकडे जातं, ती बाई असेल तर बाईकडे. वर्ग शिकवणं सुटत नाहीच. यादीत मात्र ‘शाळाप्रमुख’ या रकान्यात तिचं नाव येतं, आणि माझ्यासारखी कोणी येऊन तिला ‘नेतृत्वातली स्त्री’ म्हणून मोजून जाते.

बरं, त्यांना वगळून टाकलं की झालं, असंही नाही. मी घाईघाईने तेच केलं आणि दुसऱ्यांदा चुकले. ज्या बाई सहा-सात वर्षं शाळा चालवताहेत त्यांना ‘पद नाही’ म्हणून काढून टाकलं, तर त्यांचं काम कागदावरून दुसऱ्यांदा पुसलं जातं. दोन्ही मोजायच्या, पण वेगवेगळ्या. पद मंजूर आहे का, मंजूर असेल तर भरलंय का, भरलं असेल तर थेट भरतीने की बढतीने, आणि रिकामं असेल तर चार्ज कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, लेखी आदेश आहे की नुसत्या तोंडी सांगण्यावर. हे सगळे वेगळे रकाने. एकाच रकान्यात कोंबू नका. पुन्हा सांगते, कोंबू नका.

हे मला खऱ्या अर्थाने उमगलं ते सावली तालुक्यातल्या एका शाळेत. ऑफिसात भिंतीवर आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, नावांचा रंगवलेला फळा होता, असतो तसा. नाव, कधीपासून, कधीपर्यंत. वरची सगळी नावं पिवळ्या ऑइलपेंटने, सुबक अक्षरात, सगळे भाई. खालच्या दोन ओळी खडूने लिहिलेल्या. दोन्ही बेन. दुसऱ्या बेन माझ्यासमोरच बसल्या होत्या, एका हाताने पाचवीच्या वह्या तपासत. मी विचारलं, तुमचं नाव रंगवलं का नाही? त्या म्हणाल्या, ‘चार्जवाल्यांचं रंगवत नाहीत. कायमचे आले की आमचं पुसतात.’ बोलताना त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशीपासून मी प्रत्येक शाळेत प्रश्नावली काढायच्या आधी फळा बघते.

दुसऱ्या देशांचं वाचताना हीच नजर ठेवा. फ्रेंचभाषक आफ्रिकेत मुख्याध्यापक दोन तऱ्हेचे असतात: वर्ग सांभाळून शाळा बघणारे आणि वर्गातून मोकळे केलेले. आकडेवारीत दोघंही एकाच नावाखाली येऊ शकतात. बांगलादेशाने सरकारी प्राथमिक शाळांतल्या शिक्षक भरतीत ६० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या होत्या. ते वाचून पुष्कळ जण मुख्याध्यापिकाही तितक्याच असतील असं गृहीत धरतात. पण शिक्षक भरतीतली सोय म्हणजे वर्गाच्या दारापर्यंतची; तीच ऑफिसच्या दारापर्यंत पोचते असं धरू नका. टालिस या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाचा २०१८चा आकडा सगळे उचलतात, शिक्षिका ६८ टक्के आणि मुख्याध्यापिका ४७ टक्के. तो ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या, संघटनेतल्या देशांचा आहे. भारत त्यात नव्हताच. त्याला ‘जागतिक’ म्हणून प्रबंधात घालू नका.

अजून एक. बेनिन, मादागास्कर, सेनेगल आणि टोगो इथे बाई प्रमुख असलेल्या शाळांतली मुलं वाचनात आणि गणितात पुढे दिसली, हा २०१९च्या पासेक चाचण्यांवरचा (फ्रेंचभाषक आफ्रिकेतल्या देशांत मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या) निष्कर्ष तुम्हाला सापडेलच. मला तो फार प्रिय आहे, आणि म्हणूनच सांगते, जपून वापरा. बायकांना कोणत्या शाळा मिळतात हे आधी विचारा. शहराजवळच्या, बऱ्या स्थितीतल्या शाळा मिळत असतील तर श्रेय कोणाचं हे इतक्या सहज ठरत नाही.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत. व्हॉट्सॲपच्या शिक्षक-ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून मिळालेली उत्तरं मी विदा (डेटा) मानत नाही. ज्यांना वेळ आहे आणि ज्यांच्या फोनला रेंज आहे तेच भरतात; चार्ज सांभाळणारी बाई नेमकी सुटते. नेतृत्वशैलीची तयार परदेशी प्रश्नावली भाषांतर करून वाटणं तर मला पटतच नाही. ‘तुम्ही सहकाऱ्यांना प्रेरणा देता का’ याला कोण नाही म्हणणार? त्यापेक्षा विचारा, बढतीचं पत्र आलं त्या दिवशी घरी काय बोलणं झालं. एका ताईंनी मला सांगितलं की पत्र त्यांनी आठवडाभर पर्समध्येच ठेवलं, कारण बदली दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग नकार लिहून दिला. फायलीत फक्त ‘बढती नाकारली’ एवढंच आहे. कोणी ती फाइल बघून ‘स्त्रियांनाच नेतृत्व नको असतं’ असं लिहिलं तर मला फार राग येतो.

गाईड निवडताना नाव बघू नका, आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा की पान उलटून कोण वाचतं. वाचणारा, शेरे मारणारा, तुम्हाला रडवणारा गाईड परवडतो. ‘छान आहे’ म्हणणारा परवडत नाही. आणि एखादी निवृत्त मुख्याध्यापिका शोधा. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यात अशा बाई घराघरात आहेत, त्यांच्याकडे चहाला जा. त्या परिसंवादातल्या बाईंकडे मी पुढे दर पंधरा दिवसांनी जात राहिले. त्यांनी मला परिपत्रकं वाचायला शिकवलं, जे एम.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. माझं वर्ष गेलं, पण त्याच चुकीवर पुढचा प्रबंध उभा राहिला. ‘चार्ज’ हाच माझा विषय झाला. तुमची यादी आधीच तयार असेल, आकडे काढून झाले असतील, तरी फेकू नका. त्यातल्या दहा शाळांना फोन करा आणि ऑर्डरचं विचारा. दहाच. एका दुपारीत कळेल तुम्ही कुठे आहात.

शाळेत गेलात तर फळ्याचा फोटो मागून घ्या, नाही म्हटलं तर वहीत उतरवून घ्या. खडूच्या ओळी आधी. पुढच्या खेपेला त्या असतीलच असं नाही.