क्रेडिट कार्डाची थकबाकी अशी फेडली

बिलातली नुसती किमान रक्कम भरत राहिलं की बाकी जागची हलत नाही. माझ्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. शिवाय जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. हे बिलावर असतं, पण बारीक अक्षरांत! म्हणून आधी कार्ड वापरणंच थांबवलं. थकबाकी बँकेकडून कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेतली. प्रोसेसिंग फी धरूनही स्वस्त पडलं. पगार झाला की पहिले हप्ता, मग बाकीचं. महिन्याचा किराणा नागपूरच्या इतवारी बाजारातून एकदम, भाजी कॉटन मार्केटातून, बर्डीच्या बाजारात उगाच फिरणं बंद. उन्हाळ्यात कूलरच्या बिलाला मात्र नागपुरात इलाज नाही, ते पैसे आधीच बाजूला काढायचो. दिवाळीचा बोनस सगळा बाकीत गेला. कार्ड अजून आहे, पण पूर्ण बिल ऑटो-डेबिटवर, म्हणजे खात्यातून आपोआप भरलं जातं.