जुनं सामुराई शिरस्त्राण घेतलंत? पॉलिशला हात लावण्याआधी हे वाचा

जुन्या काबुतोचं, म्हणजे सामुराई शिरस्त्राणाचं, सर्वांत जास्त नुकसान ते नव्या मालकाच्या हाती पडल्यावर पहिल्या काही दिवसांत होतं. हौसेने साफसफाई करायला घेतात आणि कारागिराचं कामच पुसून टाकतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक गंज घासण्याची. अनेक काबुतोंवरचा गडद तपकिरी थर कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. या कामाला ‘साबिजी’ म्हणतात. त्यावर तारेचा काथ्या किंवा गंज काढायचं रसायन चाललं की खाली उघडं, चकचकीत लोखंड उरतं, आणि तो जुना रंग पुन्हा मिळत नाही. मग खराब गंज ओळखायचा कसा? पांढरं सुती कापड हलकेच टेकवा. नारिंगी भुकटी लागली, तर गंज वाढतोय. गडद, गुळगुळीत आणि बोटाला न लागणारा थर असेल, तर त्याला मुळीच छेडू नका. भुकटी मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने अलगद काढा आणि फक्त उघड्या लोखंडावर तेलाचा अगदी पातळ थर द्या. गंज तरीही पसरत राहिला, तर तज्ज्ञाकडेच न्या.

लाखेच्या भागाला मात्र तेल, स्पिरिट, फर्निचर पॉलिश यांपैकी काहीच लावायचं नाही. ही जपानी लाख म्हणजे उरुशी, झाडाचा चीक. उन्हाने त्याची चमक जाते आणि बारीक भेगा पडतात, म्हणून खिडकीसमोर किंवा प्रखर दिव्याखाली काबुतो मांडू नये. टवका उडाला, तर झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. टवका कागदात गुंडाळून जपून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला तोच लागतो.

उचलण्यातही घोळ होतो. शिंगं धरून उचलू नका. होंदा तादाकात्सू या सामुराई सेनापतीच्या शिरस्त्राणावरची प्रसिद्ध हरणाची शिंगंसुद्धा कागदाचे थर चिकटवून त्यावर लाख चढवलेली आहेत! शिकोरो, म्हणजे मानेचं रक्षण करणारा खालचा घेर, धरूनही उचलू नये. त्याच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या असतात, आणि काळ्या-तपकिरी दोऱ्या लोहयुक्त रंगामुळे आधी कुजतात. दोन्ही हात खालून घालून लोखंडी टोपाला आधार द्या. दोऱ्या तुटल्या म्हणून सगळं नव्याने ओवून घेण्याची घाईही नको, जुनी ओवण हा पुरावा आहे.

आता खरेदीबद्दल. 62 पट्ट्या जोडून केलेला सुजी, म्हणजे उभ्या कडा उठलेला, टोप दिसला की लोक लगेच ‘युद्धातला’ ठरवतात. प्रत्येक पट्टी निमुळती कापून, शेजारच्या पट्टीवर चढवून, रिव्हेट मारून ती आतून-बाहेरून सपाट करण्याचं कसब अफाट आहे, यात शंका नाही. पण एदो काळात (1603–1868) शांतता असतानाही असे टोप बनत होते, आणि मध्ययुगीन घडणीची हुबेहूब पुनरावृत्तीही होत होती. घडण जुनी म्हणजे वस्तू तितकीच जुनी, असं नाही. जपानमधल्या 5 मेच्या मुलांच्या सणासाठी बनवलेले शोभेचे टोपही अनेकदा जुने म्हणून विकले जातात. त्यांचा पत्रा पातळ असतो, ‘रिव्हेट’ नुसते दाबून उठवलेले असतात, आणि आतून पाहिलं की पट्ट्यांचे सांधे सापडत नाहीत.

टोपावर कोरलेल्या कारागिराच्या सहीवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. चिलखतं घडवणाऱ्या म्योचिन घराण्यातल्या नोबुइएच्या नावाच्या खोट्या सह्या भरपूर आहेत. भिंगातून बघा: सहीच्या खाचांतला गंज भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा ताजा दिसत असेल, तर ती नंतर कोरलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पैसे देण्याआधी जपानमधल्या निहोन काच्चू बुगू केंक्यू होझोनकाई या जुन्या चिलखतांचा अभ्यास आणि जतन करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मागा.