कमी बजेटची फिल्म शूट करताय? आधी उजेड काढायला शिका

पहिली फिल्म मिळाली की नवा कॅमेरामन सगळ्यात आधी रेंटलवाल्याला फोन लावतो. जरा थांबा. लाइटची यादी शेवटी करायची. एक मोठा लाइट वाढला की स्टँड वाढतात, टेम्पो मोठा लागतो, सोबत लाइटमन येतात, त्यांचा भत्ता आणि जेवण येतं. शिवाय तो लाइट लावण्यात गेलेला वेळ दिग्दर्शकाच्या टेकमधून वजा होतो, तो वेगळाच. मी सातारा-कोल्हापूर भागात अशा फिल्म शूट करते. माझा खर्च लाइटपेक्षा कापडावर जास्त असतो, आणि त्यातलं निम्मं कापड काळं असतं.

रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, सीनच्या वेळीच जा. निर्मात्याच्या गाडीतून सकाळी अकराला जायचं, सरपंचांकडे चहा घ्यायचा आणि फोनवर चार फोटो काढून परत यायचं, ही रेकी नव्हे. होकायंत्र उघडा, प्रत्येक खिडकीची दिशा वहीत लिहा. उत्तरेची खिडकी मिळाली तर नशीब काढलंत. बहुतेक महिने तिच्यातून थेट ऊन येत नाही, त्यामुळे सकाळचा शॉट आणि दुपारचा शॉट जुळतो. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात ऊन आत शिरतं आणि दिवसभर जमिनीवर सरकत राहतं. मे महिन्यात तर आपल्याकडे साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. ते दोन-तीन तास घरातल्या सीनना द्या. त्यासाठी एडीशी (वेळापत्रक सांभाळणाऱ्या सहायक दिग्दर्शकाशी) भांडावं लागलं तर आत्ताच भांडा, सेटवर नको.

भिंतीही बघा. गावाकडे खोल्यांना हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट असतो. त्या भिंतीवरून परतलेला उजेड गालावर पडला की चेहरा आजारी दिसतो आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारताना, तो रंग धड निघत नाही. फ्रेमबाहेरच्या भिंतीवर चादर टाकली की काम भागतं.

आता एक खोली घेऊ. वाड्याचं माजघर, डाव्या बाजूला गजांची एकच खिडकी, खाली आजी सुपात तांदूळ निवडतेय. कॅमेरा खिडकीच्या बाजूला ठेवला तर चेहरा सपाट येतो. पलीकडे, सावलीच्या बाजूला या. म्हणजे उजेडाची बाजू लांब राहते आणि आपल्याकडचा गाल अंधारात जातो. खिडकीवर बाहेरून पांढरं कापड ताणा. कोरा मांजरपाट पिवळसर असतो, त्यातून उजेडही पिवळसर येतो. तो हवा असेल तरच वापरा. नीळ दिलेली चादर टाळा.

मग मागचं दार लावून घ्या. पुष्कळदा खोली खराब दिसते ती त्या उघड्या दारामुळे. खिडकीच्या समोरच्या, म्हणजे आजीच्या सावलीच्या बाजूला, फ्रेमला लागून, काळी घोंगडी लटकवा. पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड घोंगडी पिऊन टाकते आणि गालाचा आकार उठून येतो. लोकर चमकत नाही, म्हणून काळ्या सॅटिनपेक्षा ती कितीतरी बरी. गावात कुणाकडेही मागितली तर मिळते. फारच अंधार झाला तर घोंगडी हातभर मागे घ्या. उजेड परतवायला पांढरा थर्माकोल लावायचा मोह आवरा. थर्माकोल लागेल तो सुपाच्या पुढे, जमिनीवर आडवा, डोळ्यांत उजेडाचा एवढासा ठिपका येण्यापुरता.

कापडाची ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. सत्यजित राय यांच्या 1956 च्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या बनारसी घराच्या चौकावर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर लाइट मारून वरच्या आभाळाचा मऊ उजेड खाली आणला. तुमच्या वाड्याला तर खरं आभाळ आहे. दुपारी चौकावर कापड ताणलं की खाली आरामात शूट करता येतं. फक्त वारा सुटायच्या आत चारही कोपरे दोरीने नीट बांधा.

लाइट घ्यायचेच तर एक दोनशे वॅटचा एलईडी आणि एक छोटा पुरे. लाइट खिडकीच्या बाहेर लावा आणि जागा असेल तेवढा लांब न्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे खरं; पण लाइट जवळ असला तर खिडकीपाशी चेहरा जळतो आणि दोन पावलं आत आला की काळा पडतो.

जुन्या वाड्याच्या वायरिंगवर भरवसा ठेवू नका. पाच अँपिअरच्या सॉकेटवर हिशोबाने हजार-अकराशे वॅट होतात, पण मी निम्म्यावर थांबते. गावातल्या वायरमनला बोलावून मीटरजवळून वेगळी लाइन घ्या, आणि एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

घरातले बल्ब फ्रेममध्ये दिसणार असतील तर मालकांचे काढून आपले लावा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 24 किंवा 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 सेकंद ठेवा. तरीही स्वस्तातला एलईडी बल्ब फडफडू शकतो, आणि डिमर लावला तर फारच.

रात्रीचं अंगण उजळायला जाऊ नका, तेवढे लाइट तुमच्याकडे नाहीत. तिन्हीसांजेला शूट करा. सूर्य बुडाल्यावर जेमतेम वीसेक मिनिटं मिळतात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 3200 ते 4000 केल्विनच्या मध्ये ठेवला की आभाळ निळं होतं आणि ओसरीवरचा बल्ब जिवंत वाटतो. तालीम आधी उरकून घ्या, फोकसच्या खुणा आधीच लावा आणि दोनच शॉट धरा. दिग्दर्शक तिसरा मागणारच. नाही म्हणा.

एक्स्पोजरचं बोलायचं तर, गोऱ्या कातडीसाठी ठरलेले आकडे आपल्या माणसांना लावू नका. सावळा चेहरा वेव्हफॉर्मवर (उजेड 0 ते 100 मध्ये दाखवणाऱ्या आलेखावर) 45 ते 55 च्या आसपास छान बसतो. 70 ला नेला तर मेकअप केल्यासारखा दिसतो आणि मागची खिडकी पांढरीफटक पडते ती वेगळीच.

रात्री जेवणाआधी रशेस, म्हणजे दिवसभराचं शूट, लॅपटॉपवर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बल्बची फडफड आणि अर्ध्या बोटाने सुटलेला फोकस दिसत नाही. कार्डांची दोन डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि वाड्याच्या मालकांना सांगून ठेवायचं की उद्या सकाळचा एक तास कदाचित पुन्हा लागेल.