आपल्या नावावर किती सिम चालू आहेत बघितलंय का?
स्टँडजवळ छत्रीखाली सिम घेताना पोरगं म्हणालं 'अंगठा लागला नाही काका, परत ठेवा', आमच्या भावजींनी ठेवला की परत, आणि नंतर बघतोय तर त्यांच्या नावावर एक जादाचं सिम! त्यावरनं कुणी फ्रॉड केला की पोलीस पहिलं आपलंच दार वाजवणार.

१. संचार साथी या सरकारी साइटवर आपला नंबर आणि ओटीपी टाका, नावावरचे नंबर दिसतात.
२. अनोळखी नंबरपुढं 'नॉट माय नंबर' निवडून रिपोर्ट करा, रेफरन्स नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढं नोटीस आलीच तर दाखवायला होतो.

फक्त घाई करू नका, आईचं नाहीतर पोराचं सिमपण आपल्याच नावावर असतंय, ते बंद पडायचं.