नराराला जायचंय? आधी तिथी बघा

द्वारकेला जाणारी आपली मंडळी जामनगरवरून सरळ पुढे निघून जातात, वाटेत वाडीनारच्या बाजूला नरारा बेट आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बेट म्हटलं तरी बोट लागत नाही, गाडी किनाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून ओहोटीला चक्क चालत कोरल रीफवर (प्रवाळांच्या खडकावर) जायचं, पोहता नाही आलं तरी चालतं, पाणी घोट्याभर, फार तर गुडघाभर. 1982 चं मरीन नॅशनल पार्क आहे हे, देशातलं पहिलं.

तर हॉटेल वगैरे नंतर, आधी तिथी बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी धड उतरतच नाही, आम्ही पहिल्यांदा तेव्हाच गेलो आणि नुसता चिखल तुडवून आलो 😅 अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे दोनेक दिवस बेस्ट. फक्त कोकणातलं तिथीच्या पाऊणपटीचं गणित (तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) इथे लावू नका, कच्छच्या आखातात वेळा वेगळ्या, सिक्का बंदराचं टाईड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचलात की पाणी मागे सरकेल तसं त्याच्या मागेमागे जाता येतं. पाणी वळलं की मात्र निघायचं, कारण किनारा सपाट आहे आणि भरतीचं पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या खोलगट जागांत शिरतं.

वनखात्याची परमिट आणि लोकल गाईड लागतो, आणि गाईड हवाच, आपल्याला काही दिसत नाही तिथे. मी ज्याला शेवाळलेला दगड समजत होतो त्याला एकदम डोळा दिसला, मग तो दगड विटकरी झाला, पसरला आणि फटीत गेला. ऑक्टोपस! केसाळ खेकडा तर चिखलाचा गोळाच वाटतो, चालायला लागेपर्यंत.

पण गाईडला सुरुवातीलाच सांगा, हातात काही घ्यायचं नाही. आमच्यावाल्याने खूश करायला पफर फिश उचलला, तो घाबरून बॉलसारखा फुगला, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मला कसंतरीच झालं. काय आहे ते पाण्यातच बघा की. मेलेलं कोरलसुद्धा आठवण म्हणून खिशात टाकायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात कोरल येतं, सी कुकंबर (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) सुद्धा.

पाय टाकताना वाळूचा पॅच शोधून टाका, कोरलवर नको. लेसचे जुने कॅनव्हास शूज घाला, क्रॉक्स चिखलात राहतात आणि तुम्ही पुढे. पोलराईज्ड गॉगल असेल तर न्या, चकाकी कापते, तळ स्वच्छ दिसतो.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मधेमधे मान वर करा, काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर पक्षी खेकडे टिपत फिरत असतात, सगळे खाली बघत चालतात आणि नेमके तेच मिस करतात. गाडीत पाण्याचा एक कॅन ठेवा, परत आल्यावर पाय धुवायला.