स्त्रियांच्या ऑपरेशनांवरचं संशोधन : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘क्लिनिकल रिसर्चमध्ये यायचं आहे, कोणता कोर्स करू?’ असं विचारणारे बरेच जण असतात. कुणी नुकती डॉक्टर झालेली, कुणी नर्सिंगची, कुणी फार्मसीची. मी स्त्रीरोग शस्त्रक्रियेच्या विभागात संशोधन समन्वयक म्हणून काम करते. सुरुवातीला फक्त फॉर्म भरणं आणि फायली लावणं माझ्याकडे होतं, आता चाचणीचा प्रोटोकॉल, म्हणजे चाचणी कशी करायची याचा लेखी आराखडा, ठरतो त्या बैठकांनाही बसते. कोर्सची चौकशी सावकाश करा. आधी एक पेपर मुळातून वाचा, सारांशावर न थांबता पद्धती आणि तक्ते यांच्यासकट. त्या एका पेपरातून हे क्षेत्र जेवढं समजेल, तेवढं कुठल्याही प्रमाणपत्रातून समजणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

तो पेपर म्हणजे २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली ‘लॅक’ ही चाचणी. गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर गर्भाशय आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढण्याचं मोठं ऑपरेशन करतात, रॅडिकल हिस्टरेक्टॉमी. पूर्वी ते पोट उघडून व्हायचं. मग दुर्बीण आली, रोबोट आला. छोटी छिद्रं, कमी रक्तस्राव, लवकर घरी. सर्जन खूश, रुग्णही खूश, आणि जुन्या नोंदी चाळून केलेले अभ्यास ‘फरक काही नाही’ असंच सांगत होते. तरीही काही जणांनी आग्रह धरला की हे रीतसर तपासायला हवं. ६३१ स्त्रियांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाचं ऑपरेशन पोट उघडून, दुसऱ्याचं दुर्बिणीतून किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटता जगत असलेल्यांचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होतं, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९९ टक्के विरुद्ध ९३.८ टक्के. सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या सांगण्यावरून नव्या रुग्णांची भरती वेळेआधी थांबवावी लागली होती.

हा पेपर वाचताना तीन ठिकाणी थांबा. पहिलं, ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’. नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे हे सिद्ध करायचा तिथे प्रयत्नच नव्हता. ती फार तर किती वाईट असलेली चालेल याची मर्यादा आधी ठरवली होती, ७.२ टक्केबिंदूंची. ही मर्यादा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, हा प्रश्न प्रत्येक चाचणीत विचारायची सवय लावून घ्या. दुसरं, सर्जनची पात्रता. भाग घेणाऱ्या केंद्रांना अशा किमान दहा ऑपरेशनांच्या नोंदी आणि काटछाट न केलेले दोन व्हिडिओ द्यावे लागले होते. गोळीच्या चाचणीत गोळी सगळीकडे सारखीच असते, पण ऑपरेशन करणाऱ्याच्या हातावर बदलतं, म्हणून ही खबरदारी. तिसरं, असं का झालं याचं पक्कं उत्तर अजूनही नाही. गर्भाशय हलवण्यासाठी आत घालायचं उपकरण, पोटात भरलेला वायू, योनीमार्ग आतून कापताना गाठ उघडी पडणं, असे अंदाज आहेत. कारण सापडलं नाही म्हणून निष्कर्ष नाकारायचा, असं इथे चालत नाही. जगभरच्या मार्गदर्शक सूचना या एका चाचणीनंतर बदलल्या.

आता याच आजारावरची दुसरी चाचणी, २०२४ साली आलेली ‘शेप’. गाठ दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आणि धोका कमी, अशा ७०० स्त्रिया. प्रश्न असा की त्यांना मोठं ऑपरेशन हवंच का, की साधी हिस्टरेक्टॉमी पुरेल? तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण साध्या ऑपरेशननंतर २.५२ टक्के आणि मोठ्यानंतर २.१७ टक्के, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या आत. पण मला या पेपरातला दुसराच तक्ता महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशननंतर चार आठवडे उलटून गेल्यावरही लघवी तुंबण्याचा त्रास मोठ्या ऑपरेशनच्या गटात ९.९ टक्के स्त्रियांना होता, साध्या ऑपरेशनच्या गटात ०.६ टक्के. नकळत लघवी होण्याचा त्रास ११ टक्के विरुद्ध ४.७ टक्के. मूत्राशयाच्या नसा गर्भाशयाच्या बाजूच्या ज्या ऊतीतून जातात, तीच ऊती मोठ्या ऑपरेशनमध्ये काढली जाते, त्यामुळे हे होतं.

हे आकडे कुणीतरी विचारलं म्हणून मिळाले. फॉलो-अपचा, म्हणजे ऑपरेशननंतर ठराविक काळाने तब्येत विचारायचा, फोन कसा असतो ते सांगते. ‘काकू, तब्येत कशी आहे?’ ‘बरी आहे.’ ‘काही त्रास?’ ‘नाही गं, सगळं ठीक.’ इथे फोन ठेवला तर फॉर्मवर ‘तक्रार नाही’ असं लिहिलं जाईल. पण प्रश्नावलीत पुढचा प्रश्न असतो, तो जसाच्या तसा विचारायचा: लघवीला बसल्यावर जोर लावावा लागतो का, पोट दाबावं लागतं का? पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘ते तर लागतंच ना. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर चालायचंच.’ तिच्या लेखी तो त्रास नाहीच, ऑपरेशनबरोबर आलेली गोष्ट आहे. लैंगिक संबंधांबद्दलचे प्रश्न तर बहुतेक नवखे भराभर वाचून पुढे सरकतात. तसं करू नका. आवाज न बदलता, घाई न करता विचारा, उत्तर द्यायचं नसेल तर नाही दिलं तरी चालेल हे आधी सांगा, आणि ती एकटी असताना फोन करा. स्त्रियांच्या आरोग्यावरच्या संशोधनात सगळ्यात जास्त माहिती याच ठिकाणी निसटते. समोरची बाई खोटं बोलत नसते. आपण नीट विचारलेलं नसतं.

संमती घेण्याच्या कामालाही असाच वेळ द्यावा लागतो. नियमाप्रमाणे सही झाली की काम संपलं असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या चाचणीत बाईचा प्रश्न साधा आणि रास्त असतो: कुठलं ऑपरेशन करायचं ते कॉम्प्युटर कसा काय ठरवणार, डॉक्टरांना कळत नाही का? याचं खरं उत्तर असं, की दोन्ही पद्धती सध्या वापरात आहेत, कुठली जास्त चांगली हे आज कुणालाच माहीत नाही, आणि ते कळावं म्हणूनच हा अभ्यास आहे. हे वाक्य सर्जनच्या तोंडून यायला हवं, आणि त्याने ते मनापासून म्हणायला हवं. एखाद्या सर्जनची मनातून एका पद्धतीवर श्रद्धा असेल तर त्याच्या ओपीडीतून चाचणीत फारसं कुणी येत नाही. त्याच्या बोलण्याचा सूरच रुग्णाला सांगून जातो. अशा सर्जनला या चाचणीपासून बाजूला ठेवणं दोघांच्याही हिताचं असतं. नातेवाईक पुढे होऊन उत्तरं देत असतील तर त्यांचं ऐकून घ्या, पण नंतर बाईशी वेगळं बोला. संमतिपत्रातली भाषा तिची हवी. ‘योनिमार्गातून रक्तस्राव’ लिहिलेलं असेल तरी बोलताना ‘अंगावरून जातं का’ असं विचारा. ‘गर्भाशय-भ्रंश’ म्हणून कुणाला कळत नाही, ‘अंग बाहेर येतं’ म्हटलं की लगेच कळतं.

मोजमापाबद्दल नव्यांच्या मनात मी एकच उदाहरण पक्कं बसवते, कारण ते ऑपरेशन थिएटरपासून प्रसूतिकक्षापर्यंत सगळीकडे लागू पडतं. ऑपरेशनच्या नोंदीत ‘रक्तस्राव : अत्यल्प’ असं लिहिलेलं तुम्हाला वारंवार दिसेल. अत्यल्प म्हणजे किती? सक्शनच्या बाटलीत किती, कपड्याच्या घड्यांत किती? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात नुसत्या नजरेने काढलेला अंदाज बहुतेक वेळा कमी भरतो, हे जुनंच निरीक्षण आहे. ‘ई-मोटिव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाळंतिणी. बाईच्या खाली एक प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला खुणा आखलेली पिशवी. रक्त पिशवीत साठतं, आणि खुणेवरची पातळी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही वाचता येते. पातळी खुणेला टेकली की गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकुंचन पावण्याची औषधं, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध, सलाइन आणि तपासणी, हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. जास्त रक्तस्राव वेळेवर ओळखला जाण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१.१ टक्के होतं, इथे ९३.१ टक्के झालं. गंभीर परिणाम, म्हणजे एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यात नवं औषध एकही नव्हतं. इथे व्यक्तींऐवजी अख्खी रुग्णालयं गटांत वाटली होती, कारण एकाच कक्षात शेजारच्या दोन बाळंतिणींवर दोन वेगळ्या पद्धती पाळता येत नाहीत. अशा चाचणीचं गणित वेगळं असतं, तेही शिकून घ्या.

गुंतागुंत नोंदवताना क्लाव्हियन-डिंडो श्रेणी वापरतात. ती तोंडपाठच करा. त्रास किती ‘वाटला’ यावर ती जात नाही, त्रास निस्तरायला काय करावं लागलं यावर जाते. रक्त चढवावं लागलं तर श्रेणी दोन. पूर्ण भूल न देता एखादी नळी घालावी लागली तर तीन-ए, पूर्ण भूल देऊन पुन्हा ऑपरेशन केलं तर तीन-बी. जिवावर बेतून अतिदक्षता विभागात हलवावं लागलं तर चार, मृत्यू झाला तर पाच. ‘थोडा ताप होता, बाकी ठीक’ अशा नोंदीवरून श्रेणी ठरवता येत नाही, म्हणून नर्सिंग चार्ट स्वतः वाचायची सवय लागते. गंभीर प्रतिकूल घटना कळल्यापासून साधारण २४ तासांत प्रायोजकाला, म्हणजे चाचणीची जबाबदारी घेतलेल्या संस्थेला, कळवायची असते. त्यात सुट्टीचा दिवस आडवा येत नाही.

ऑपरेशनच्या चाचणीत रुग्ण कुठल्या गटात आहे याबद्दल सर्जनला अंधारात ठेवता येत नाही हे उघड आहे. पण नंतर तपासणाऱ्याला ठेवता येतं. जखमेवर दोन्ही गटांत सारख्याच मापाची पट्टी, आणि तपासणीच्या आधी रुग्णाला विनंती की कुठलं ऑपरेशन झालं ते सांगू नका. हे जुळवून आणणं समन्वयकाच्या अंगावर असतं आणि त्यात मन लावावं लागतं.

अजून दोन-तीन चाचण्या चाळून ठेवा. ‘लायन’, २०१९: पुढच्या टप्प्यातल्या बीजकोशाच्या कर्करोगात गाठ पूर्ण निघाली असेल आणि लसीका ग्रंथी सामान्य दिसत असतील, तर त्या सरसकट काढून आयुष्य वाढत नाही आणि गुंतागुंत मात्र वाढते. स्तनाच्या कर्करोगातली ‘बी-०६’, जिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले: गाठ काढून रेडिएशन दिलं काय आणि पूर्ण स्तन काढला काय, जगण्यात फरक नाही. योनीमार्गातून बसवायच्या जाळीचा इतिहासही जरूर वाचा. अंग बाहेर येण्याच्या त्रासावर ती जाळी पुरेशा चाचण्यांआधीच मोठ्या प्रमाणावर वापरात आली. २०१७ साली ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत पहिल्या दोन वर्षांत तिचा जास्तीचा फायदा दिसला नाही आणि दहात एकीहून अधिक स्त्रियांना जाळीमुळेच त्रास झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या कामासाठी तिची विक्री थांबवायला लावली. हे वाचताना मला अजूनही राग येतो. त्या बायका वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून सांगत होत्या.

आता कोर्स. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे चाचण्या कशा करायच्या याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, प्रशिक्षण सगळीकडे मागतात, ते ऑनलाइन होतं. त्याची नवी आवृत्ती, ई-६ आर-३, २०२५ च्या जानेवारीत स्वीकारली गेली, तेव्हा जुन्या नोट्स वापरू नका. हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं, तोही २०२४ मध्ये सुधारला आहे. संख्याशास्त्रात विश्वासार्हता-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल), काळानुसार किती जण हयात किंवा आजारमुक्त राहिले ते दाखवणारा कॅप्लान-मायर आलेख आणि ‘इंटेन्शन टू ट्रीट’ (ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात रुग्ण मोजणं) एवढं आधी नीट समजून घ्या, बाकीचं काम करताना येतं. पेपर वाचलात की त्या चाचणीची ऑनलाइन नोंदणी उघडून बघा: सुरुवातीला मुख्य निष्पत्ती, म्हणजे प्रामुख्याने काय मोजायचं, म्हणून काय लिहिलं होतं आणि छापताना काय झालं? हा ताळा घ्यायला अर्धा तास पुरतो.

मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर हेही विचारा: सध्याच्या चाचणीत एक वर्षाचा फॉलो-अप किती जणींचा पूर्ण झालाय, फोन कोण करतं, त्यासाठी वेगळा वेळ आणि बंद होणारं दार असलेली खोली मिळते का, आणि ऑपरेशनची नोंद त्याच दिवशी लिहिली जाते का. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरीकडे बघा. स्पष्ट आली, मग ती ‘अजून जमत नाहीये, त्यासाठीच माणूस हवाय’ अशी असली, तरी तिथे रुजू व्हायला हरकत नाही.